एकशे अडतिसावं टेशन

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं साधं काम म्हणजे मोबाईलवर एक आकडा पाहिला.

दिवेलागण झाली होती. बायको ओसरीवर सुपात लाखोळीची डाळ घेऊन निवडत बसली होती, मी बाजेवर. रोज ह्याच वेळी ती विचारायची, त्या दिवशीही विचारलं.

"अजी, किती टेशन झाले आज पोरीचे?"

खरा शब्द सायटेशन. आमची पोरगी नागपूरला एका कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते आणि संशोधनाचे लेख लिहिते. जगात दुसऱ्या कोणी आपल्या लेखात तिच्या लेखाचा दाखला दिला, की तिचं एक सायटेशन झालं. पोरीनं हे समजावून सांगितलं तेव्हा बायकोच्या कानात फक्त टेशन शिरलं. तिचा हिशेब सोपा होता. पोरीची गाडी निघाली आहे आणि एकेका टेशनावर थांबत थांबत पुढं जाऊन राहिली आहे. मी दोनचार वेळा सुधारलं, मग सोडून दिलं. गोंदिया जंक्शन इतकं जवळ असलेल्या बाईला दुसरं काय ऐकू येणार.

मी चष्मा लावला आणि पोरीनं लावून दिलेलं पान उघडलं. सगळं इंग्रजी. आकडे मात्र कळतात.

"एकशे अडतीस."

"काल सदतीस होते."

"मंग एक वाढला."

तिनं सूप बाजूला सारलं आणि मोबाईलला हात जोडले.

"देव आहे का तो?" मी म्हटलं.

"तुमच्यापेक्षा बरा आहे. रोज काहीतरी देऊन राहिला."

मग तिनं पोरीला फोन लावायला लावला. पोरगी म्हणाली, "हो आई, पाहिलं मी." एवढंच. बायकोनं फोन माझ्याकडं दिला आणि म्हणाली, "थकली असन." नंतर तिनं डाळ डब्यात भरली, सूप खिळ्याला टांगलं आणि आम्ही जेवलो.

सकाळी अंगणात सडा टाकता टाकता ती खाली बसली. मला वाटलं पाय दुखत असतील. तिरोड्याच्या दवाखान्यात पोहोचेपर्यंत संपलं होतं. घरी परत आणलं तेव्हा अंगणाचा अर्धा भाग ओला होता, अर्धा कोरडा.

पोरगी आली. तेरवीपर्यंत राहणार होती.

चौथ्या दिवशी पाहतो तर ती आतल्या खोलीत लॅपटॉप उघडून बसलेली. मला राग आला.

"माय गेली, अन् तुले कॉम्प्युटर सुचून राहिला?"

"बाबा, बढतीचा अर्ज आहे. तेरवीच्या दुसऱ्या दिवशी शेवटची तारीख. हुकली तर पुढची जागा कधी निघन, कोणाला माहीत. चार वर्षं वाट पाहिली मी."

मी तिच्याजवळ जाऊन बसलो. अर्ज म्हणजे रकानेच रकाने. पोरं कशी शिकवली, त्याला एक ओळ. आकड्यांना पानभर जागा. एकूण सायटेशन किती, हा एक आकडा. दुसरा एक होता, त्याला ती एच म्हणते. पाच लेख असे असले, की प्रत्येकाला कमीत कमी पाच जणांनी दाखल्यात घेतलं, तर तो आकडा पाच. एकाच लेखाला हजार जणांनी घेतलं आणि बाकीच्यांकडं कोणी पाहिलं नाही, तर तो एकच राहणार. पोरीचा तो लहान होता. तिची सगळी गाडी एकाच लेखावर चालत होती.

"एकशे अडतीस लिहून टाक ना," मी म्हटलं. "तुह्या मायनं शेवटचा पाहिला तो."

तिनं लॅपटॉप मिटला आणि रडायला लागली.

"बाबा, तो एकशे अडतिसावा जो आहे ना, त्यानं माझी चूक दाखवायला माझं नाव घेतलं."

"मंग तो बी मोजतेत?"

"मोजतात. आकड्याला शिवी अन् शाबासकी सारखीच."

मला हे आधी कोणी सांगितलं नव्हतं. माझी बायको शिवीला हात जोडून गेली.

तो लेख धानाच्या पानांचा होता. कॉम्प्युटरला पानावरचा रोग ओळखायला शिकवायचा तर त्याला आधी ढिगानं फोटो दाखवावे लागतात. हा करपा, हा कडाकरपा, हे निरोगी पान. ते फोटो आमच्या बांधीतले, म्हणजे धानाच्या शेतातले. चोरखमाऱ्याच्या तलावाचं पाणी पिऊन वाढलेलं धान आमचं, जगभरच्या कॉम्प्युटरांनी पाहिलं. पोरीनं फोटो सगळ्यांसाठी खुले ठेवले, म्हणूनच लोक ते वापरत होते आणि टेशन वाढत होते. आता दूर कुठल्या तरी संशोधकानं लिहिलं होतं, की करप्याच्या ढिगात दोन रोग मिसळले आहेत. एक खरा करपा, दुसरा तपकिरी ठिपक्यांचा. ह्या फोटोंवर शिकलेला कॉम्प्युटर दोघांना एकच औषध सांगेल, आणि शेतकरी नको ते फवारेल.

"पानं आईनं निवडली होती," पोरगी म्हणाली. "लेखाच्या शेवटी मी तिचे आभार मानलेत. लिहिलंय, की रोग ओळखून पानं माझ्या आईनं वेगळी केली, तिनं सारी हयात धानात काढली. आता दुरुस्ती छापायची तर चूक कुठं झाली ते लिहावं लागते. आईला रोग ओळखता आला नाही, असं लिहू? तिची तेरवी व्हायच्या आधी?"

"नको लिहू."

"नाही लिहिलं तर लोक वापरत राहतील. आकडा वाढत राहील. मुलाखतीत कोणी विचारलं नाही तर बढती बी मिळन."

"अन् विचारलं तर?"

"तर आईचं नाव सांगावं लागन. नाहीतर खोटं बोलावं लागन."

ती माझ्याकडं पाहत होती. मी खाली पाहत होतो. कारण बायकोची चूक नव्हती, हे जगात एकाच माणसाला माहीत होतं, आणि तो तिथं बसला होता.

सात वर्षांपूर्वीची गोष्ट. पोरगी तेव्हा पीएचडी करत होती. शनिवारी यायची, रविवारी फोटो काढून परत जायची. आठवडाभर पानं जमवायचं काम आमच्या दोघांचं. बायको बांधीत उतरायची, पानं तोडून आणायची आणि ओसरीवर निवडायची. मी बसून चिठ्ठ्या लिहायचो, कारण घरात लिहिता येणारा मीच. मी चौथी शिकलो. ती शाळेत गेलीच नाही.

करपा तिच्या लेखी एक नव्हता. ज्या पानावर डोळ्यासारखे डाग, दोन्हीकडं निमुळते, मधोमध राखेसारखे, तो डोळ्याचा करपा. ज्याच्यावर बारीक तपकिरी ठिपके, तीळ सांडल्यासारखे, तो तिळाचा. तिनं ते कुठं शिकलं नव्हतं. तिची माय तसं म्हणायची. डोळ्याची पानं ती सुपात मांडायची, तिळाची पोत्यावर. पोरगी येऊन तिथंच फोटो काढायची.

"अजी, लिवा. ह्या डोऱ्याचा. अन् ह्या तिराचा."

आमच्या झाडीपट्टीच्या बोलीत ळ नाही. डोळ्याला आम्ही डोरा म्हणतो, काळ्याला कारा, तिळाला तीर. बोलताना काही अडत नाही. अडते लिहिताना. मी दुसरीत असताना पाटीवर शाळा हा शब्द लिहायला सांगितला होता. मी लिहिलं, शारा. मास्तर लांबचे होते. त्यांनी माझी पाटी वर धरून सगळ्या वर्गाला दाखवली. पोरं इतकी हसली, की माझं नाव शारा पडलं आणि दोन वर्षं तेच चाललं. तेव्हापासून मी ज्या शब्दात ळ येतो तो शब्द लिहीत नाही. लोकांना नवल वाटेल, पण माणूस सगळं आयुष्य एक अक्षर चुकवून काढू शकतो. माझ्या नावात ळ नाही. सही करून भागलं. ह्या कागदावर जितके ळ आहेत तितके पोरीनं तपासले आहेत.

तर मी चिठ्ठीवर लिहिलं, करपा. दुसऱ्या चिठ्ठीवरही लिहिलं, करपा.

"डोऱ्याचा लिवलं ना?" तिनं विचारलं.

"लिवलं."

"अन् ह्याच्यावर तिराचा?"

"लिवलं म्हटलं ना. का मले शिकवून राहिली?"

ती पुन्हा पानं निवडायला लागली. तिला वाचता येत नव्हतं. मी लिहिलं म्हणजे लिहिलं. एकदा नाही, दोन पावसाळे मी तिला असंच सांगत राहिलो. मनात म्हणायचो, दोन्ही करपाच ना, काय फरक पडते. पोरीला विचारलं असतं तर तिनं ळ काढून दाखवला असता. पण बाप पोरीला कसा विचारणार, आणि तेही बायकोसमोर? कृषीचे एक साहेब तपासायला आले होते. त्यांनी वरची चार पानं पाहिली, करपा म्हणाले, चहा पिऊन गेले. मी म्हटलं, सुटलो.

आता पोरगी म्हणत होती, आईला ओळखता आलं नाही.

त्या दिवशी मी बोललो नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. भेटायला माणसं येत होती, मी त्यांच्या आड बसत होतो. पोरगी जेवताना समोर आली, की मी पाणी मागायचो, म्हणजे ती उठून जावी. तिला वाटत होतं, बाप दुःखात आहे. दुःख होतंच. पण त्याच्या खाली दुसरं काही बसलं होतं.

सातव्या दिवशी माझा चुलतभाऊ आला. गोंदियाला त्याचा धानाचा व्यापार आहे, अर्धं हिंदीत बोलतो. पोरीनं काळजीनं त्याला अर्जाचं सांगितलं, चुकीचंही सांगितलं. त्यानं मान डोलावली.

"देख बेटा, बुरा मत मानना. भाभी होती हुशार, पर पढ़ी-लिखी तो नहीं थी ना. अंगठा लगाने वाली बाई के हाथ में कॉम्प्युटर का काम दिलं तर असंच होईल. तू लिखके दे दे, की आईची गलती आहे. मरे हुए आदमी को कौन पूछता है?"

पोरगी उठून आत गेली. तो माझ्याकडं वळला.

"क्यों भैया, गलत बोला क्या मैं?"

माझ्या तोंडात उत्तर होतं. लिहिणारा मी होतो, ती नव्हती. तेवढंच बोलायचं होतं. मी म्हटलं, "चहा घे." त्यानं चहा घेतला. माझ्या बायकोच्या कपात घेतला, ज्याचा कान तुटला होता आणि जो ती दुसऱ्या कोणाला देत नसे. तेही मी नुसतं पाहिलं.

त्याच्यानंतर मला झोप लागेना, भाकर गिळवेना. पोरीनं तिरोड्याहून गोळ्या आणल्या. मी त्या खिशात टाकल्या. जो आजार होता त्याची गोळी माझ्याचकडं होती.

तेरवी झाली. दुपारपर्यंत पंगती उठल्या, पाहुणे गेले. पोरगी मला म्हणाली, "बाबा, आईचा एक चांगला फोटो पाहिजे भिंतीवर लावायला." शोधलं तर काय, लग्नातल्या घोळक्यातले दोनचार, डोक्यावर पदर, तोंड अर्धं झाकलेलं. तेव्हा तिला आठवलं. तिनं लॅपटॉप आणला.

"पानांचे पहिले फोटो आहेत माझ्याकडं. लेखात टाकताना कापून फक्त पान ठेवलं होतं. पहिल्या फोटोत कुठं कुठं आईचा हात आहे."

ती एकेक उघडत गेली. हिरव्या बांगड्या, मनगटावरचं गोंदण, चिमटीत पानाचं देठ. "हा पाहा, बाबा." पोरगी हात पाहत होती. मी हाताच्या मागं पाहत होतो. सूप. सूप. सूप. मग पोतं. पोतं. पोतं. पुन्हा सूप. तिनं सात वर्षांपूर्वी जे वेगळं केलं होतं ते अजून वेगळंच होतं. एकही पान इकडचं तिकडं झालं नव्हतं. सुपातल्या पानांवर डोळे, पोत्यावरच्या पानांवर तीळ. चष्म्यातून मला लख्ख दिसत होतं. आणि प्रत्येक फोटोच्या कोपऱ्यात माझ्या अक्षरात एकच शब्द. करपा. करपा. करपा.

"कसं बारीक काम करायची आई," पोरगी म्हणाली. "तरी चुकली."

मी म्हटलं, "बंद कर आता."

तिनं बंद केलं. मग म्हणाली, "बाबा, मी ठरवलं. उद्या अर्ज आहे तसा पाठवते. दुरुस्ती नाही छापत. ज्याला जे वापरायचं ते वापरू द्या. आईला शांत जाऊ द्या."

"बरं," मी म्हटलं.

हा शब्द मी आयुष्यात लाखदा बोललो असेन. इतका घाण कधी लागला नाही. माझी लाज राखायला पोरगी तिचा खरेपणा देऊन राहिली होती, आणि तिला वाटत होतं ती आईसाठी देऊन राहिली आहे.

सकाळी मी उठलो. सडा टाकला. बाईमाणसाचं काम म्हणून कधी हात लावला नव्हता, वेडावाकडा पडला. मग स्वयंपाकघरात गेलो, खिळ्यावरचं सूप काढलं. कोठीतून रिकामं पोतं आणलं. पोरगी ओसरीवर चहा पीत होती. मी सूप तिच्या डाव्या हाताला ठेवलं, पोतं उजव्या हाताला अंथरलं.

"हे काय, बाबा?"

"तुही माय चुकली नाही. सुपातले डोऱ्याचे, पोत्यावरचे तिराचे. तिनं दोन केले होते. मले दोन लिवायले सांगतलं होतं. मी एकच लिवलं."

तिला लगेच समजलं नाही. मी पुन्हा सांगितलं. ह्या वेळी शारा पण सांगितलं, मास्तर पण, पाटी पण. बायकोला दोन पावसाळे खोटं बोललो तेही. बोलताना मी पोत्याकडं पाहत होतो.

तिनं कप खाली ठेवला.

"तुम्ही दहा दिवस गप्प राहिले?"

"सात वर्ष."

"काकानं आईला तसं म्हटलं. तुम्ही समोर बसून होते."

"होतो."

"काऊन, बाबा? एका अक्षरापायी?"

"हो."

ती उठून अंगणात गेली. ओल्या अंगणात पाठमोरी उभी राहिली. मला वाटलं आता बॅग भरते. तसं केलं असतं तरी मी काही म्हटलं नसतं. बऱ्याच वेळानं ती आली, तोंड धुतलेलं होतं, आणि माझ्याशी न बोलता लॅपटॉप उघडला. सुपाचे चार फोटो उघडले. पोत्याचे चार. मोठे करून पाहिले. मग आणखी दहा. मग तिचा हात थांबला.

"आई बरोबर होती," ती म्हणाली. माझ्याशी नाही, लॅपटॉपशी.

"मग छाप दुरुस्ती."

"छापते. सगळे फोटो पुन्हा वेगळे करते, सूप अन् पोतं पाहून. अर्जासोबत बी कागद जोडते. मुलाखतीत विचारतीलच आता."

"आकडा कमी होईल का?"

"आहे तो नाही कमी होत. पुढं गाडी चालते का थांबते, माहीत नाही." पहिल्यांदा तिनं माझ्याकडं सरळ पाहिलं. "चूक कोणाची लिहू?"

"माही लिव. पानं आईनं बरोबर निवडली, चिठ्ठ्या बापानं चुकीच्या लिवल्या. असंच लिव. अन् तुह्या काकाले बी वाचून दाखव."

ती लिहीत राहिली. खूप वेळ नुसता बोटांचा आवाज. मग तिनं वहीतले दोन कोरे तुकडे फाडले आणि पेनासकट माझ्यासमोर ठेवले.

"दोन्ही नावं तुमच्या हातानं लिहा. दुरुस्तीला त्यांचा फोटो जोडायचा आहे."

मी पेन हातात घेतलं. ओसरीवर दोघंच होतो, तिसरं सूप.

"बाई, ळ कसा काढतेत?"

ती हसली नाही. तिनं वहीच्या मागच्या पानावर मोठा काढून दाखवला. दोन डोळे एकमेकांना चिकटून बसल्यासारखं ते अक्षर. इतकंच होतं. मी तिथंच गिरवलं. पहिला फुटला, दुसरा आडवा झाला, तिसरा र सारखा दिसायला लागला. चौथा तिनं पाहिला आणि म्हणाली, "हा चालन."

डोळ्याच्या शब्दात अर्धा ळ लागतो, म्हणून मी आधी तिळाचा लिहिला. चिठ्ठी पोत्यावर ठेवली. मग दुसरा तुकडा ओढला, आणि अर्ध्याला य जोडत, हात हलू न देता, लिहिलं, डोळ्याचा. चिठ्ठी वाळू दिली. सुपात ठेवली.